उन्हाळ्याची सुट्टी, गच्चीखालचे घर आणि मुलीची तापमानाची वही

गच्चीखालचा
२७ एप्रिल, रात्री ११.१०

नमस्कार. मुलुंड पूर्वेला चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या एका जुन्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. डोक्यावर थेट गच्ची आहे. घरात माझी आई, आम्ही दोघे आणि नुकतीच सहावीची परीक्षा दिलेली मुलगी. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो, पत्नी रोज लोकलने फोर्टला जाते. त्यामुळे सुट्टीतली दुपार बहुतेक वेळा आजी, नात आणि मी अशा तिघांची असते. या धाग्याचा विषय ती दुपार आणि तिच्यामागून येणारी रात्र हा आहे.

मागच्या उन्हाळ्यात मुलगी सुट्टीभर टॅबलेट घेऊन बसायची. मी राउटरवर वेळापत्रक लावून दुपारी दोन ते पाच तिचे नेट बंद केले. त्याचा परिणाम एवढाच झाला की ती तीन तास लोळत पडायची आणि पाच वाजायची वाट पाहायची. त्या तीन तासांत तिने काय करावे, याचा विचार मी केलाच नव्हता.

या वर्षी सुरुवात आईच्या एका वाक्याने झाली. "दुपारी एवढं नाही रे, पण दिवेलागण झाली की वरून कुणी निखारे ओतल्यासारखं होतं," असे ती म्हणाली. मला ते पटेना. सूर्य मावळलेला, बाहेरची हवा निवलेली, मग घर दुपारपेक्षा रात्री जास्त तापलेले कसे असेल? त्यावर मुलीने विचारले, "बाबा, हे मोजता येईल का?"

लॅमिंग्टन रोडवरून कधीतरी आणलेला ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा इलेक्ट्रॉनिक) बोर्ड आणि तापमान मोजणारे, डीएस१८बी२० जातीचे चार सेन्सर माझ्या खणात पडून होते. या सेन्सरची सोय अशी की प्रत्येकाला कारखान्यातच स्वतःचा ६४ बिटांचा क्रमांक मिळालेला असतो, त्यामुळे सगळे एकाच तारेवर जोडले तरी कोणते तापमान कोणाचे, हे बोर्डाला ओळखता येते. एक सेन्सर गच्चीच्या पृष्ठभागावर ठेवला आणि त्याची तार डिशच्या केबलसाठी पूर्वी पाडलेल्या भोकातून खाली घेतली. दुसरा आईच्या खोलीच्या छताला चिकटवला, तिसरा तिच्या पलंगाच्या उंचीवर टांगला आणि चौथा खिडकीच्या छज्जाखाली, सावलीत. दर दहा मिनिटांनी नोंद घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर जमा होते. तरीही मुलीने दोनशे पानी वही काढून तासातासाला हाताने आकडे लिहायला घेतले आहेत. आलेख संगणकाने काढला तर तो तुमचा, वहीतला माझा, असे तिचे म्हणणे आहे.

काल, २६ एप्रिलला, गच्चीचा पृष्ठभाग दुपारी पावणेदोनच्या सुमारास ५७ अंशांवर होता. त्या वेळी बाहेरची हवा ३४ अंश आणि खोलीचे छत ३३.५ अंश. तिथून पुढे बाहेरची हवा उतरत गेली आणि छत मात्र चढत राहिले. रात्री आठ वाजून पन्नास मिनिटांनी छत ३८.२ अंशांवर पोहोचले, तेव्हा बाहेर २९.५ अंश होते. पहाटे सहाला छत ३२.८ होते, म्हणजे रात्रभरातही ते पुरते निवाले नव्हते. आईचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले.

घरात एक एसी आहे, तो आमच्या खोलीत. आईला एसीत झोपवत नाही, गुडघे धरतात. तेव्हा विचारायचे आहे ते असे, की हे आकडे विश्वासार्ह आहेत का, फार खर्च न करता आईची रात्र सुसह्य करण्यासाठी काय करता येईल, आणि मुलीने या सुट्टीत आणखी काय मोजावे?


सोल्डरगन
२८ एप्रिल, सकाळी ७.३०

मोजणी आवडली. आकड्यांवर भरवसा ठेवण्यापूर्वी चारही सेन्सर एकदा बर्फात घाला. थर्मासमध्ये बर्फाचा बारीक चुरा घेऊन तो जेमतेम बुडेल एवढेच पाणी घाला, चांगले ढवळा आणि दहा मिनिटे थांबा. वितळत्या बर्फाचे तापमान शून्य अंश असते, त्यामुळे प्रत्येक सेन्सर शून्याच्या किती वर किंवा खाली दाखवतो ते लिहून ठेवा आणि पुढच्या सर्व नोंदींतून तेवढे वजा करा. बाजारात या सेन्सरच्या नकला फार आहेत. अस्सल सेन्सरची चूक अर्ध्या अंशाच्या आत असते, नकलेची खात्री नाही. हे काम मुलीलाच करू द्या.

दुसरे, गच्चीवरचा सेन्सर उघडा ठेवला असेल तर तो फरशीऐवजी स्वतःवर पडलेले ऊन मोजत असतो. कोब्यात, म्हणजे गच्चीच्या वरच्या थरात, बोटभर लांबीची खाच करून त्यात सेन्सरची नळी बसवा आणि वरून सिमेंटची पातळ लापशी फिरवा. छतावरच्या सेन्सरच्या मागे थर्माकोलचा तुकडा लावा, नाहीतर पंख्याचा वारा आकडा खाली आणतो. ईएसपी३२ वायफाय चालू असताना स्वतःही गरम होतो, तेव्हा पलंगाजवळचा सेन्सर बोर्डापासून किमान हातभर दूर असावा.


कोबा_आणि_कॉलम
२८ एप्रिल, सकाळी १०.०५

मी स्थापत्य अभियंता असून तीस वर्षांहून अधिक काळ मुंबईच्या उपनगरांतच बांधकामे केली आहेत. तुमच्या आईंना जे जाणवते ते वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरात घडते, आणि ते मोजून पाहिल्याबद्दल तुमच्या मुलीचे मनापासून कौतुक करतो.

तुमच्यासारख्या जुन्या इमारतींत साधारण पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब असतो, त्यावर विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा, उतार धरून चार-पाच इंचांचा, आणि वर सिमेंटचा घोटीव थर. उन्हाची उष्णता वरच्या थरात शिरते आणि एकेक थर तापवत खाली सरकते. एवढ्या जाडीतून पलीकडे पोहोचायला तिला सहा-सात तास लागतात. म्हणून दुपारी पावणेदोनचे ऊन तुमच्या घरात रात्री पावणेनऊला उतरते. नुसता स्लॅब असता तर हीच गोष्ट संध्याकाळी पाच-साडेपाचला घडली असती.

आणखी एक कारण आपल्या अक्षांशाचे आहे. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्यावर सूर्य मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि त्या दिवशी उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. अशा दिवसांत दक्षिणेकडच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही, सगळा मारा गच्चीवर होतो. स्वच्छ आकाशात भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट ऊन पडते. दहा बाय बाराची खोली धरली तर तिच्या गच्चीवर अकरा किलोवॅटच्या आसपास शक्ती ओतली जात असते, आणि वर्षानुवर्षे काळवंडलेला कोबा त्यातला मोठा भाग शोषून घेतो. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना हे कळत नाही, कारण त्यांच्या डोक्यावर तुमचे घर आहे.

उपाय गच्चीवर करावा लागेल, घरात नव्हे. त्यासाठी सर्वांत स्वस्त साधन पांढरा चुना आहे. सविस्तर नंतर लिहितो.


बोरिवलीची_आई
२८ एप्रिल, दुपारी ३.२०

आमचेही घर वरच्याच मजल्यावर आहे आणि आठ वर्षांच्या मुलाला घामोळ्यांनी हैराण केले आहे. यजमान म्हणतात की एसीपेक्षा कूलर घेऊ, वीज कमी लागेल. माझ्या माहेरी, नागपूरला, कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही. इथे त्याचा उपयोग होईल का?


सोल्डरगन
२८ एप्रिल, सायंकाळी ६.४५

ताई, कृपया घेऊ नका. कूलर पाण्याचे बाष्प करून हवा थंड करतो, म्हणजे हवेत आणखी बाष्प मावायला जागा असेल तरच तो चालतो. नागपूरला ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या गवतातून गेलेली हवा तत्त्वतः २२ अंशांपर्यंत उतरू शकते. मुंबईत ३३ अंश आणि ६० टक्के असताना तीच मर्यादा साडेसव्वीस अंशांची आहे. प्रत्यक्षातला कूलर तिथवरही पोहोचत नाही, आणि जी हवा बाहेर येते ती ओलीचिंब असते. दार-खिडक्या लावून तो चालवला तर तासाभरात घाम वाळेनासा होतो आणि मुलाची घामोळी वाढतील.

यातूनच गच्चीखालचा यांच्या मुलीसाठी पुढचे काम निघते. आर्द्रतेचा डीएचटी२२ सेन्सर आणा आणि तिला दुपारची व रात्रीची आर्द्रता लिहायला सांगा. दुपारी ६० टक्के असलेली आर्द्रता रात्री ८५ टक्के दिसेल आणि तिला वाटेल की रात्री हवेत पाणी वाढले. खरे तर पाणी तेवढेच असते. हवा ३३ वरून २७ अंशांवर आली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता घटते, म्हणून टक्केवारी फुगते. ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते, पण स्वतःच्या वहीत दिसली की कायमची लक्षात राहते.


घाटकोपरकर
२९ एप्रिल, सकाळी ८.१५

आमच्या लहानपणी संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून त्यावर गाद्या टाकत असू. एवढा खटाटोप करण्यापेक्षा पाइप लावून गच्ची भिजवली तर काय हरकत आहे? पाण्याइतका थंडावा दुसऱ्या कशाने येत नाही.


कोबा_आणि_कॉलम
२९ एप्रिल, दुपारी १२.३०

पाण्याचा गुण तुम्ही म्हणता तसाच आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता ते सोबत घेऊन जाते. पण मे महिन्यात मुंबईत पिण्याचे पाणी गच्चीवर ओतणे मला योग्य वाटत नाही. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांवर शहर जगते आणि त्यांचा तळ दिसू लागतो तो याच दिवसांत. २०२४ मध्ये ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात करावी लागली होती. शिवाय जुन्या कोब्याला बारीक तडे असतील तर रोजचे पाणी त्यात मुरते आणि पावसाळ्याआधीच छताला ओल धरते.

एसीच्या नळीतून रात्रभरात बादलीभर पाणी निघते, ते खुशाल गच्चीवर शिंपडा. तेवढ्याने एखादा कोपरा निवेल.


गच्चीखालचा
३ मे, रात्री १०.२५

सर्वांचे आभार. सेन्सर बर्फात घालून झाले. तीन सेन्सर शून्याच्या पाव अंश आतबाहेर निघाले, चौथा ०.९ अंश जास्त दाखवत होता. तो नेमका छतावरचा होता, म्हणजे त्या दिवशीचे खरे तापमान ३८.२ नसून ३७.३ होते. मुलीने वहीतले जुने सगळे आकडे लाल पेनने दुरुस्त केले. खाडाखोड न करता आडवी रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहायचा, म्हणजे मूळ नोंदही वाचता येते, हे मी तिला दाखवले. गेल्या आठवड्यात मी तिला प्रत्यक्ष काही शिकवले असेल तर ते एवढेच.

खर्च न करता जे करता येत होते ते आधी केले, आणि वहीने त्यात बरेच बदल सुचवले. आम्ही सायंकाळी डास नकोत म्हणून साडेसहाला खिडक्या लावून घेत असू आणि छत नेमके त्यानंतर चढत असे. आता खिडक्यांना जाळ्या बसवून त्या रात्रभर उघड्या ठेवतो, आणि दुपारी अकरा ते पाच पश्चिमेचे पडदे ओढून घेतो. मुलीने स्टुलावर चढून छताखाली हातभर अंतरावरची हवा मोजली, ती पलंगाजवळच्या हवेपेक्षा दोन अंश जास्त निघाली. छताचा पंखा तीच हवा आईच्या अंगावर लोटत होता. म्हणून आठ ते अकरा या वेळात छताचा पंखा मंद ठेवून टेबलफॅन खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून लावतो. आतली तापलेली हवा तो बाहेर काढतो आणि समोरच्या गॅलरीतून निवलेली हवा आत येते. पलंगही गॅलरीच्या दारालगत सरकवला. रात्री नऊला पलंगाजवळ ३४.६ असायचे, ते परवा ३२.१ भरले. बारा बारा वाजेपर्यंत जागणारी आई दोन दिवस साडेदहाला झोपली आहे.

माझ्या कामाचाही प्रश्न यात सुटला. दुपारी चारनंतर लॅपटॉप तापून मंदावत असे आणि मीटिंगमध्ये आवाज तुटत असे. राउटर पोटमाळ्यावर, छताला अगदी लागून ठेवलेला होता. तो खाली टेबलावर आणल्यापासून एकदाही बंद पडलेला नाही.

चुन्याबद्दल जरूर लिहावे.


मालाडचा_बाबा
३ मे, रात्री ११.४०

एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. माझ्या वडिलांना गेल्या वर्षी अशाच उकाड्यात चक्कर येऊन रुग्णालयात न्यावे लागले होते. त्या दिवशी बातम्यांत उष्णतेच्या लाटेचा उल्लेखही नव्हता. किनारपट्टीवर लाट जाहीर होण्यासाठी कमाल तापमान ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असावे लागते. ते मोजले जाते वेधशाळेत, मोकळ्या सावलीत. गच्चीखालच्या खोलीत रात्री नऊला काय असते ते तुमच्या मुलीच्या वहीत आहे. वयस्कर माणसांना तहान लागल्याचे लवकर जाणवत नाही, त्यामुळे त्यांनी मागण्याची वाट पाहू नये. आम्ही आता दर दोन तासांनी वडिलांच्या हातात पेला देतो, कधी पाणी, कधी मीठ-साखर घातलेले कोकम सरबत, कधी पन्हे.


कोबा_आणि_कॉलम
४ मे, सकाळी ९.५०

चुन्याविषयी. गच्ची ही सोसायटीची सामाईक जागा आहे, त्यामुळे आधी कार्यकारिणीला पत्र द्या आणि लेखी परवानगी घ्या. मग गच्ची खराट्याने झाडून, शेवाळाचे डाग तारेच्या ब्रशने घासून धुवा आणि एक दिवस वाळू द्या. भिजवलेला पांढरा चुना रात्रभर मुरवून गाळून घ्या, त्यात चिकटपणासाठी फेविकॉल मिसळा आणि कुंच्याने दोन हात द्या, दुसरा हात पहिल्याला आडवा. काम सकाळी आठच्या आत उरका, कारण तापलेल्या कोब्यावर चुना बसण्याआधीच सुकतो आणि पापुद्रे सुटतात. हातमोजे आणि चष्मा आवश्यक आहे. चुना डोळ्यात गेला तर दृष्टीला इजा होते, म्हणून मुलांना भिजवण्याच्या वेळी जवळ येऊ देऊ नका.

चुना म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे, हेही कार्यकारिणीला स्पष्ट सांगा. गळती असेल तर ती तशीच राहील. पाऊस सुरू झाला की चुना हळूहळू धुऊन जातो आणि त्याचा गाळ पाण्याच्या आउटलेटच्या जाळीत अडकतो. पहिल्या सरीनंतर जाळी साफ केली नाही तर गच्चीवर तळे साचेल. अधिक टिकाऊ परावर्तक रंगही मिळतात, ते महाग आहेत. पण पहिल्या वर्षी चुना लावून फरक मोजा आणि मग ठरवा.

हा प्रयोग नवीन नाही. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि पुढे तिथे वस्त्यांमधल्या छतांना चुना देण्याची मोहीम झाली. तेलंगणाने २०२३ मध्ये छते थंड ठेवण्यासाठी स्वतंत्र धोरणच आणले. आपल्याकडे जो तो आपापल्या खोलीला एसी लावतो आणि त्याची गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीत सोडतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.


गच्चीखालचा
११ मे, रात्री ९.५५

कार्यकारिणीने परवानगी दिली. खर्च आम्ही करायचा आणि आउटलेटच्या जाळीची जबाबदारी घ्यायची, या दोन अटींवर. अडचण आली ती घरातूनच. मेचा दुसरा आठवडा म्हणजे आईच्या वाळवणाचा. गव्हाचा चीक घोटून कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या आणि कोहळ्याचे सांडगे घालण्यासाठी तिला गच्ची हवी असते, आणि कुरडई पहिल्या दिवशी कडकडीत तापली पाहिजे, नाहीतर आंबते, असे ती सांगते. "खालची फरशी तापते म्हणूनच माझ्या कुरडया दोन उन्हांत वाळतात. तुम्ही ती गार केलीत तर मी काय करू?" तिच्या म्हणण्यात तथ्य होते. वाळवणाला वरून ऊन आणि खालून धग, दोन्ही लागतात.

मार्ग मुलीने काढला. आजीच्या खोलीवरची गच्ची पांढरी करायची आणि हॉलवरची तशीच ठेवायची. म्हणजे वाळवणाला जागा राहील आणि तुलनाही करता येईल. मी हे स्वतःहून सुचवले नसते, कारण माझ्या मनात पूर्ण गच्चीच होती. एकाच घरावर, एकाच दिवशी, अर्धी पांढरी आणि अर्धी काळी गच्ची मिळाल्यावर आज ऊन कमी होते का, ढग आले होते का, हे प्रश्नच उरत नाहीत. हॉलसाठी आणखी दोन सेन्सर आणले.

काल सकाळी साडेसहाला मी आणि पत्नीने चुन्याचा पहिला हात दिला, आज दुसरा. आईने पलीकडच्या भागात जुन्या धोतरावर कुरडया घातल्या. मुलीने दहा पापड्या धोतरावर आणि दहा पांढऱ्या भागावर तशाच कापडावर ठेवल्या आहेत आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर दोन तासांनी त्यांचे वजन करते. दुपारी बाराच्या वजनाला मी गच्चीवर जायला मनाई केली, तेव्हा तिने त्या वेळेपुढे 'ऊन' असे लिहून रकाना रिकामा ठेवला.


डोंबिवलीची_काकू
१२ मे, दुपारी ४.१०

वाळवणाची वजने वाचून फार आनंद झाला. एक सुचवते. कापडाऐवजी प्लॅस्टिकच्या कागदावर घातलेल्या पापड्या खालच्या बाजूने ओलसर राहतात आणि त्यांना उलटावे लागते, कापडातून मात्र ओल खालीही जाते. मुलीला तेही तोलून पाहायला सांगा. आणि आजींना सांगा की दमट हवेच्या दिवशी उन्हे कलण्याआधी, चारच्या सुमारास, वाळवण घरात घ्यावे. सायंकाळच्या वाऱ्यात ते पुन्हा ओल धरते. आता वरची चर्चा वाचल्यावर त्याचे कारणही मला कळले.


भांडुपचा_विद्युत
१४ मे, रात्री ८.३०

गच्चीचे काम झाले की पंख्यांकडे वळा. जुना छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज घेतो, बीएलडीसी मोटरचा, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या नव्या प्रकारचा, पंखा ३० वॉटच्या आसपास. उन्हाळ्यात पंखा सोळा तास चालतो असे धरले तर दिवसाला एका पंख्यामागे पाऊण युनिटाच्या जवळपास फरक पडतो, महिन्याला एकवीस-बावीस युनिट. आपल्याकडे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर दराचे टप्पे बदलतात, त्यामुळे टप्प्याच्या काठावर असलेल्या घराला हा फरक बिलात दिसतो. एसी लावावाच लागला तर तो २४ अंशांच्या खाली नेऊ नका. २०२० पासून नवे एसी सुरू करताच २४ वरच लागतात, ते याच कारणाने.


गच्चीखालचा
१९ मे, रात्री १०.४०

आठ दिवसांच्या नोंदी हाती आल्या आहेत. उघड्या कोब्याचा पृष्ठभाग रोज ५६ ते ५८ अंशांपर्यंत जातो, पांढरा भाग ४२ ते ४४ च्या वर गेलेला नाही. दुपारी अनवाणी पाय ठेवला तरी फरक कळतो. उघड्या भागावर दोन पावले टाकवत नाहीत, पांढऱ्यावर उभे राहता येते. खाली हॉलचे छत रात्री ३७.६ अंशांपर्यंत चढते आणि आईच्या खोलीचे ३४.४ पर्यंत. दोन्हींचा उच्चांक मात्र पावणेनऊच्याच आसपास येतो. मुलीला वाटले होते की पांढऱ्या भागाखाली तो उशिरा येईल. जाडी तीच असल्यामुळे वेळ तोच राहतो, उष्णता तेवढी कमी शिरते, असे तिने नंतर स्वतःच वहीत लिहिले.

पापड्यांच्या बाबतीत आई जिंकली. उघड्या भागावरच्या दहा पापड्यांचे वजन दुसऱ्या दिवशी दुपारीच स्थिरावले, पांढऱ्या भागावरच्यांना तिसरा दिवस लागला. डोंबिवलीच्या काकूंचा प्लॅस्टिक आणि कापडाचा प्रयोग सध्या चालू आहे.

मेच्या मध्यावर सूर्य डोक्यावर येतो असे वर वाचले होते, म्हणून १६ तारखेला दुपारी साडेबाराला आम्ही पाण्याची स्टीलची बाटली पांढऱ्या भागावर उभी करून बसलो. घड्याळाप्रमाणे मध्यान्ह बाराला होईल अशी मुलीची कल्पना होती. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि आपण त्रेहत्तरच्या जवळ, म्हणून आपला सूर्य अर्ध्या तासाहून थोडा अधिक उशिरा माथ्यावर येतो, हे तिला तिथेच सांगितले. बारा पस्तीसला बाटलीची सावली तिच्या बुडाखाली गेली. इमारतीतली आणखी पाच मुले तोवर वर आली होती. प्रत्येकाने आपापली वस्तू उभी केली, डबा, बॅट, आणि एकाने स्वतःला.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोघांनी सेन्सर मागितले आहेत. त्यांचे छत तापत नाही, म्हणून त्यांनी पश्चिमेची भिंत मोजायचे ठरवले आहे. टॅबलेटवरचे वेळापत्रक मी काढून टाकले. तो आता बहुतेक वेळ आलेख पाहण्यासाठी आणि सायंकाळी तासभर खेळासाठी वापरला जातो.


बोरिवलीची_आई
२० मे, सकाळी ७.५५

आमच्या कार्यकारिणीला तुमचे आकडे दाखवले. आता उशीर झाला, पावसात चुना वाहून जाईल, असे सचिवांचे म्हणणे आहे. या वर्षी राहू द्यावे का?


कोबा_आणि_कॉलम
२० मे, सकाळी ११.२०

मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला होता, तेव्हा सचिवांची शंका रास्त आहे. चुन्याचा खर्च थोडा असला तरी दहा दिवसांसाठी करू नका. त्याऐवजी या आठवड्यात जाळ्या बसवा, टेबलफॅनची युक्ती करा आणि गच्चीचे आउटलेट साफ करून घ्या. पुढच्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात चुना द्या. मुंबईत मार्चही सौम्य नसतो, सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झालेली आहे. मुलाच्या खोलीचे छत मात्र आतापासून मोजायला लागा, म्हणजे तुलनेसाठी या वर्षीचे आकडे हाताशी राहतील.


गच्चीखालचा
९ जून, रात्री ९.१५

परवा रात्री पहिला जोराचा पाऊस झाला. पहाटे गच्चीवर गेलो तेव्हा आउटलेटच्या जाळीत चुन्याचा दाट पांढरा गाळ बसला होता आणि घोटाभर पाणी साचले होते. कोबा-कॉलम साहेबांनी सांगितले नसते तर ते आमच्या लक्षातही आले नसते. दोघांनी मिळून जाळी धुतली. पांढऱ्या भागाचा साधारण तिसरा हिस्सा फिका पडला आहे. काल रात्री दोन्ही छते ३० अंशांच्या आसपास होती आणि त्यांच्यातला फरक पाव अंशावर आला होता.

कार्यकारिणीने वहीच्या चार पानांची झेरॉक्स सूचनाफलकावर लावली आहे आणि मार्चमध्ये संपूर्ण गच्चीला चुना देण्याचा विषय पुढच्या सभेसाठी घेतला आहे. आईने वाळवणासाठी पाण्याच्या टाकीजवळचा चौकोन आताच मागून ठेवला आहे.

शाळा पुढच्या आठवड्यात सुरू होते आहे. खोल्यांतले सेन्सर काढले, पण गच्चीवरचा मुलगी काढू देत नाही. भर पावसात स्लॅब किती वेळात निवतो ते तिला पाहायचे आहे. तार ज्या भोकातून खाली येते त्याच्याभोवती आज एम-सील भरून घेतले.